मुशीर नसलेल्या रमजानात

आमच्या उतारावरच्या बायका वर्षं मोजायच्या ती पाशांवरून. "जाड्या पाशाच्या वेळी माझं लग्न झालं," असं एखादी म्हणायची, आणि दुसरी लगेच तिला तोडायची, "छे, तेव्हा लंगडा पाशा होता. तुझ्या वरातीवर पाऊस पडला तोच त्याच्या मिरवणुकीवर पडला." सुलतान बदलायला फार वेळ लागे. पाशा त्यामानाने लवकर बदलत. खाली किनाऱ्यावर ओतशाळेचे घुमट, त्यांच्यापुढे तोफांचं पटांगण, बाजूला मशीद, आणि या सगळ्यावर तोफखान्याचा मुशीर. साम्राज्यातली प्रत्येक तोफ, प्रत्येक बंदूक आणि बारुदाची प्रत्येक चिमूट त्याच्या शिक्क्याखालून जायची. इस्तंबूलच्या बाकी भागात कोणी काहीही समजो, तोफाने नावाच्या आमच्या उतारावर सरकार म्हणजे तोच.

शायेस्ते हानिम, म्हणजे शायेस्तेबाई, या उतारावरच जन्मली. तिचा आजोबा तोफगाड्यांचा सुतार होता. त्याच्या लहानपणी तोफा ओतणाऱ्यांचा आगा वेगळा, गाडे करणाऱ्यांचा वेगळा, बारुदवाल्यांचा आणखी वेगळा. मग त्या वेळच्या सुलतानाने सगळ्यांना एका पाशाच्या हाताखाली आणलं आणि मुशीर हे पद तयार झालं. आजोबा ही हकिकत घरातल्या वाटणीसारखी सांगायचा, फक्त उलट्या बाजूने. आधी तीन चुली होत्या, मग एक झाली.

"एक चूल झाली म्हणून भांडणं थांबली का?" आजी विचारायची.

"थांबतात कुठली! पण कोणाशी भांडायचं ते तरी कळायला लागलं."

बाप ओतारी. पितळ ओतायच्या दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही, मेंढा कापला जायचा, दुआ म्हटली जायची, आणि सकाळी बापाशी भांडलेल्या आईला त्या दिवशी फार जपून राहावं लागायचं, कारण तोफेला भेग गेली तर दोष तिच्यावर. नवराही तोफखान्यातलाच. ग्रीकांशी लढाई झाली त्या वर्षी तो थेसलीला गेला आणि गोळीने नव्हे, तापाने गेला. तेव्हा मुलगा वेहबी शाळेत होता. मुशीर पाशाच्या कचेरीच्या खिडकीतून विधवांना शिवणकाम मिळे. शायेस्तेच्या वाट्याला बारुदाच्या थैल्या आल्या.

तोफेत बारूद सुटी ओतत नाहीत. लोकरी कापडाच्या थैलीत ती भरतात, तोंड शिवतात आणि ती थैलीच नळीत सारतात. कापड लोकरीचं आणि दोराही लोकरीचाच. सूत जळलं की त्याचा विस्तव मागे उरतो. नळीच्या तळाशी एखादी ठिणगी चिकटून राहते, आणि पुढची थैली आत गेली की ती तिथल्या तिथे, सारणाऱ्याच्या तोंडावर, पेट घेते. लोकर जळते, आक्रसते, केस जळाल्यासारखा वास सोडते आणि विझून जाते. आमच्या उतारावर हे कोणी कोणाला शिकवत नसे. दूध उतू जातं हे जसं शिकवावं लागत नाही, तसंच ते.

शायेस्तेची शिवण सगळ्यांत चांगली होती आणि तिला ते पुरेपूर ठाऊक होतं. थैली पूर्ण झाली की ती दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं करायची. ओली लोकर जिभेला टोचते, तिला मेंढरासारखी चव असते. व्यापारी दोऱ्यात सूत मिसळतात म्हणून तिच्या आईने लावलेली ही सवय. पुढेपुढे मात्र ही सवय हाच तिचा आधार झाला, कारण तिच्या दोन्ही डोळ्यांत ढग उतरले होते. बोटांना शिवण पाठ होती, त्यामुळे काम चाललं होतं. सुई तेवढी ओवता येत नव्हती. सकाळी कोणी यायच्या आत सून हाजेर साऱ्या सुया ओवून उशीत टोचून ठेवायची, आणि मग शायेस्ते दिवसभर एकेक सुई उपसत ऐटीत बसायची. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कोणालाच माहीत नाही असं तिला वाटायचं. ज्या बाईचे डोळे गेले तिचं काम गेलं, हा तोफखान्याचा नियम होता, आणि तो चुकीचा होता असंही कोणी म्हणणार नाही.

हाजेर उस्कुदारची, म्हणजे समुद्रापलीकडची. तिचा बाप रजया शिवायचा. शायेस्तेला ही सून पसंत होती, पण ते कबूल करायला ती तयार नव्हती.

"तुमच्या उस्कुदारला टाके असेच लांब घालतात वाटतं?"

"आमच्या उस्कुदारला रजई घेऊन माणसं झोपतात, आई. ती कोणी पेटवत नाही."

"म्हणूनच. पेटवायची वस्तू शिवायला अक्कल लागते."

मग एका उन्हाळ्यात स्वातंत्र्य आलं. सुलतानाला राज्यघटना परत लागू करावी लागली, लोक रस्त्यात अनोळखी माणसांच्या गळ्यात पडले, आणि थोड्याच दिवसांत तेच लोक चुगलखोर कोण आणि जुन्या राजवटीचा कोण ते शोधायला लागले. आमच्या मुशीर पाशालाही हटवलं. नवा कोण येणार म्हणून आम्ही वाट पाहत होतो. मग कळलं की नवा येणारच नाही. हे पदच राहणार नाही. सगळा तोफखाना पलीकडे बेयाझितच्या युद्धखात्यात मिसळायचा आहे आणि तोवर सगळ्या मालाची मोजदाद चालू राहील.

पाण्याच्या चौकात दुर्रिये घागर टेकवून म्हणाली, "बयांनो, आता वर्षं कशावरून मोजायची?"

"तुझ्या दातांवरून," शायेस्ते म्हणाली. "दरवर्षी एक पडतोच आहे."

पण ती हसली नाही. त्या दिवसांत तिच्या हातांना स्वस्थता नव्हती. घडी केलेलं पांघरूण ती उलगडायची आणि परत घडी करायची. काम कोण देणार, घेणार कोण, नव्या खिडकीवर नवा माणूस बसला आणि त्याने डोळ्यांत पाहिलं तर काय, हाच विचार.

रमजान लागला आणि एकदम मोठं काम आलं. स्वातंत्र्याची पहिली ईद होती, सलामी दणक्यात व्हायची होती. चंद्र दिसल्याची साक्ष मंजूर झाली की संध्याकाळी पहिली सलामी, मग ईदभर प्रत्येक नमाजाला. थैल्या ढिगाने हव्या होत्या. सासू-सुना रोजा धरून सकाळपासून शिवत बसायच्या. मोजदादीसाठी दोऱ्याचं कोठार बंद होतं, तरी टोपल्या वेळेवर पोचल्या. शेवटच्या टोपलीवर शायेस्तेने हात फिरवला, शिवण घट्ट आणि सरळ लागली, आणि ती लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेला म्हणाली, "आता कुठं हात बसला तुझा."

हाजेर दिवसभर गुणगुणत होती.

ईद तोंडावर आली तेव्हाची गोष्ट. दुपारी हाजेरने खोली झाडली आणि कापडाचे तुकडे, दोरे असा कचरा शेगडीत टाकला. शायेस्ते शेगडीजवळ मसूर निवडत होती, म्हणजे बोटांनी खडे शोधत होती. थोड्या वेळाने तिने मान वर केली.

"काय टाकलंस?"

"कचरा. थैल्यांचे दोरे."

"मग वास का येत नाही?"

हाजेरला प्रश्नच कळला नाही. शायेस्ते शेगडीवर वाकली. ढगांतूनही तिला निखाऱ्यांच्या बाजूला राखेवर एक बारीक लाल रेघ दिसली. ती विझत नव्हती. हळूहळू पुढे सरकत होती.

"हा दोरा कसला आहे?"

"आपला संपला होता ना शेवटी. कोठाराला कुलूप. मग मी माझं रीळ काढलं, आईनं दिलेलं. मेण लावलेला आहे, आई, आमच्याकडे रजया त्यानंच शिवतात. तुमच्या दोऱ्याच्या दसपट पक्का."

"सुती?"

"हो."

"किती थैल्या?"

"शेवटची टोपली. सगळीच नाही. निम्मी असेल." मग हाजेरने सासूचा चेहरा पाहिला. "तुम्हीच म्हणालात की हात बसला."

शायेस्तेने मसुराचं ताट खाली ठेवलं. रमजान होता. रोज्यात दोरा तोंडात धरायचा नाही म्हणून महिनाभर तिने एकही थैली ओठांना लावली नव्हती. इतर दिवसांत पहिल्याच टोकाला तिने हाजेरच्या तोंडावर रीळ फेकलं असतं.

"आपल्या किनाऱ्यावरच्या तोफेत थैल्या सारतो कोण, ठाऊक आहे ना तुला?"

वेहबीच सारायचा. रोजची इफ्तारची तोफ एकदाच उडते, मग नळी गार होते, तिला काही धोका नाही. सलामीत एकामागून एक.

बारुदाचं कोठार सांभाळणारा उस्ता तोसुन, म्हातारा, शायेस्तेच्या नवऱ्याबरोबर काम केलेला. ती लगोलग त्याच्याकडे गेली. खरं सांगायचं तिच्या मनात नव्हतं. एक टोपली परत मिळवायची, घरी नेऊन उसवायची, पुन्हा शिवायची आणि मुकाट्याने परत द्यायची, असा तिचा बेत होता.

"उस्ता, शेवटची टोपली जरा परत दे. शिवण सैल वाटतेय मला."

"तुझी शिवण? सैल?" तोसुन उस्ता हसला. "मग माझी दाढी खोटी."

"दे म्हणते ना."

तो बाजूला सरला आणि दारावरचा शिक्का दाखवला. "थैल्या भरल्या, आत गेल्या, लाख लागली. मोजदाद संपेपर्यंत मुंगीलाही आत जाता येणार नाही. सलामीच्या संध्याकाळी वरून माणूस येईल आणि शिक्का काढील, की थेट तोफांकडे."

"वरून म्हणजे कुठून?"

"हेच तर. आधी वर म्हणजे ती खिडकी होती." त्याने हनुवटीने मुशीरच्या खिडकीकडे खूण केली. तिची दारं लावलेली होती. "आता मी कोणाचा उस्ता आहे ते मलाच नीट ठाऊक नाही, शायेस्ते हानिम." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि हे सैलबिल बाहेर बोलू नकोस. 'जुना पाशा बरा होता' एवढंच म्हणाला म्हणून परवा चौकात एकाची टोपी उडवली लोकांनी. तू म्हणशील थैल्या बिघडल्यात. ते विचारतील, कोणाच्या सांगण्यावरून बिघडवल्यास?"

तिथून ती तशीच बराकीच्या गजांपाशी गेली. वेहबी धावत आला, मागे त्याचे चारपाच सोबती.

"आई! काय आणलंस?"

"रोज्यात काय आणणार, मूर्खा?"

"ऐक, यंदा अशी सलामी देणार आहोत की उस्कुदारच्या काचा फुटतील. माझ्या सासऱ्याला निरोप दे, खिडक्या उतरवून ठेव म्हणावं." सोबती खिदळले. "पलीकडच्या तोफेशी शर्यत लागलीय आमची."

"शर्यत कसली! नळी नीट पुसायची, ओल्या बोळ्यानं, कळलं?"

"पुसतो ग. लहान आहे का मी?"

"वेहबी, जवळ ये. कान इकडे कर."

"आई, सगळे बघतायत." तो लाजला होता. मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, शेंबूड पुसायचा असेल त्यांना," आणि पुन्हा हशा झाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला दिसत होतं ते एक उंच, हलणारं, हसणारं काहीतरी. बोलली असती तर तिला तिथेच, सगळ्यांदेखत, त्याच्या बायकोचं नाव घ्यावं लागलं असतं. ती परत फिरली.

घरी हाजेर दारातच उभी होती. "मी जाते. जाऊन सांगते, माझी चूक झाली."

"आणि ते विचारतील, तपासलं कोणी?"

"मग?"

"मग काय? तू सांगशील, सासूबाईंनी. ते विचारतील, त्यांना दिसलं नाही का?"

दोघींमध्ये हा विषय आजवर कधी निघालाच नव्हता. शायेस्ते उगाच घासलेलं भांडं घासायला बसली. तो दिवस असाच गेला, दुसराही. कदाचित शिक्का आधीच निघेल, कदाचित तोसुन उस्ताला दया येईल, कदाचित त्या टोपलीपर्यंत सलामी पोचणारच नाही. डोळे गेले हे कबूल करण्यापेक्षा यातलं काहीही तिला सोपं वाटत होतं, आणि हे असं वाटतंय याचीच तिला घृणा येत होती. हाजेर सांगते की त्या दोन दिवसांत सासू एका जागी मांडी घालून बसली नाही. उभ्याने पाणी हवं म्हणायची, मग रोजा आहे हे आठवून स्वतःलाच शिव्या द्यायची.

चंद्र दिसण्याचा दिवस उजाडला तशी ती बाहेर जायची चादर, चार्शफ, अंगाभोवती गुंडाळून शेजारी माझ्या दारात आली. "चल. तुला वाचता येतं." वाचण्यासारखं तिथे काही नव्हतं, पण मी गेले. हाजेर आधीच रस्त्यात उतरली होती.

मोजदादीसाठी आलेला अधिकारी रेफेत बे मुशीरच्या कचेरीच्या बाहेरच्या खोलीत बसला होता. आतली खोली उघडी होती, तिथली मोठी खुर्ची रिकामी होती, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या खुर्चीला वळसा घालून जात होता. रेफेत बे तरुण होता, चष्मेवाला, अंगावरचा गणवेश कोरा. शायेस्तेने उभ्याउभ्याच सांगितलं, "शेवटच्या टोपलीत सुती दोरा आहे."

त्याची लेखणी थांबली. "सुती? थैल्यांना?" तो उठून उभा राहिला. काय होऊ शकतं हे त्याला सांगावं लागलं नाही. "कोणी शिवल्या?"

"मी," शायेस्ते म्हणाली.

"मी," हाजेर म्हणाली, त्याच क्षणी.

"खोटं बोलते, बे. पोर आहे. नवऱ्याच्या काळजीनं भ्रमलीय."

"आई, पुरे! बे, सूत माझं होतं. यांना दिसत नाही. सुया मी ओवते."

"हाजेर!"

"बायांनो," रेफेत बे म्हणाला, "दोघींनी मिळून काहीतरी एक ठरवा. मला अजून सबंध तोफखाना मोजायचाय." मग त्याने शायेस्तेकडे नीट पाहिलं. तिच्या चार्शफाच्या कडेला नेहमीप्रमाणे एक सुई टोचलेली होती, दोरा निसटून बाजूला लोंबत होता. "ती सुई काढा, हानिम. ओवा."

खिडकीतून समुद्राचा उजेड आत सांडत होता. शायेस्तेने सुई धरली. दोरा सुईच्या डावीकडून गेला, मग उजवीकडून गेला. तिने टोकाला पीळ दिला. पुन्हा बाजूने गेला. दोन कारकून मान खाली घालून कागद चाळायला लागले. हाजेरने हात पुढे केला, तो तिने झटकला, आणखी एकदा प्रयत्न केला आणि हात खाली आणला.

"आज आभाळ भरलंय," ती म्हणाली.

"हो," रेफेत बे म्हणाला. आभाळ स्वच्छ होतं.

मग शिक्क्याचा प्रश्न आला. शिक्का मोडायचा हुकूम मुशीर देतो.

"मग द्या ना हुकूम," शायेस्ते म्हणाली.

"मी मुशीर नाही, हानिम."

"मग मुशीर कोण?"

"आज? कोणीच नाही."

त्याने घोडेस्वार बेयाझितला पाठवला. आम्ही पटांगणात भिंतीला टेकून थांबलो. रमजानची शेवटची दुपार, खात्यातले लोक घरी गेलेले, किंवा जायच्या वाटेवर. घोडेस्वार परत आला नाही. सावल्या तोफांवर चढत गेल्या. उतारावर लोक चंद्र बघायला जमायला लागले, पोरं भिंतींवर चढून बसली, कोणीतरी झांजा वाजवत होतं. शायेस्ते फाटकापर्यंत जायची, परत यायची, पुन्हा जायची. पहारेकरी वैतागून म्हणाला, "मावशी, एक तर आत राहा नाहीतर बाहेर."

"तुला आई आहे का रे?"

"आहे."

"मग गप्प बस."

सूर्य मशिदीच्या मागे गेला तेव्हा रेफेत बे बाहेर आला. तो स्वतःही एवढा वेळ खोलीत येरझाऱ्या घालत होता, हे खिडकीतून दिसत होतं. "शिक्का मोडला तर जाब विचारणार मुशीर," तो तोसुन उस्ताला म्हणाला. "तो तर नाही. चल, उस्ता, सुरी आण. पितळेची."

कोठाराच्या दाराशी तो शायेस्तेकडे न बघता म्हणाला, "जिला दिसतं ती आत येईल. एकटी."

बारुदाजवळ लोखंड चालत नाही. हाजेरने जोडे काढले, किल्ल्या काढल्या, केसांतले आकडे एकेक करून उपसले आणि सासूच्या हातावर ठेवले. आत जाताना तिने मागे पाहिलं. शायेस्तेच्या मुठीत आकडे होते आणि ती दाराच्या चौकटीपासून हातभर अंतरावर उभी होती, एखाद्या पाहुणीसारखी. जिच्या शिवणीवर इतकी वर्षं हे कोठार भरलं तिला आत घेण्यात काही अर्थ नव्हता, आणि हे तिला त्या क्षणी तिथल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं.

इफ्तारची तोफ उडाली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने रोजा सोडायला आपल्या पुडीतला ऑलिव्ह तिच्यापुढे धरला. तिने मूठ उघडली नाही. मीच खाल्ला.

हाजेर बाहेर आली तेव्हा तिचे मोकळे केस रुमालाखालून सुटले होते. मागे तोसुन उस्ता थैल्या बाहेर काढून वेगळ्या ठेवत होता.

"सगळ्या सापडल्या?"

"मला वाटतं, सगळ्या."

"वाटतं?"

"आत काळोख आहे, आई. दिवा नेता येत नाही, आणि भरताना सगळ्या टोपल्या मिसळल्यात. बोटांनी चाचपून काढल्या."

शायेस्तेचा चेहरा उतरला. "तुझा टाका आणि माझा टाका हाताला सारखाच लागतो. मीच तसा शिकवलाय."

"म्हणून तर म्हणते, वाटतं."

बाकीच्या थैल्या गाड्यावर चढल्या आणि किनाऱ्याकडे गेल्या. रेफेत बे गाड्याच्या मागोमाग भराभर चालत गेला. थोड्याच वेळात वरून आरोळी आली. चंद्र दिसला होता, साक्ष मंजूर झाली होती. सगळा उतार ओरडायला लागला.

पहिली तोफ उडाली. शायेस्तेने हाजेरचं मनगट धरलं. या उतारावर जन्मल्यापासून तिने सलाम्या ऐकल्या होत्या, पण दोन तोफांमधली शांतता कधी ऐकली नव्हती. दर आवाजाला लोक जल्लोष करायचे आणि तिच्या तोंडातून श्वास सुटायचा. मग पुन्हा शांतता. समुद्रापलीकडची तोफ आमच्यापेक्षा वेगात उडत होती. आमची रेंगाळत होती. "अरे, झोपलात काय!" कोणीतरी भिंतीवरून ओरडलं. मध्येच एकदा आमच्या बाजूचा पुढचा आवाज यायला इतका वेळ लागला की लोक बोलायचे थांबले. हाजेरच्या मनगटावर नखं रुतली होती. तिने हात ओढून घेतला नाही. मग धुराचा एक लोट दिसला, आणि त्यामागून आवाज आला. तसंच शेवटपर्यंत.

सलामी संपल्यावरसुद्धा शायेस्ते बराच वेळ पुढच्या आवाजाची वाट पाहत उभी होती. शेवटी तोसुन उस्ता म्हणाला, "झालं, शायेस्ते हानिम. संपली." रेफेत बे परत येताना आमच्यापाशी थांबला. "ईदनंतर काम तुमच्या सुनेच्या नावावर होईल," तो म्हणाला. आवाज कठोर नव्हता, मऊही नव्हता. "आणि यापुढे दोरा संपला तर काम थांबवायचं. समजलं?" हाजेरने मान हलवली. पुढल्या वर्षी मुशीरच्या दारावरची पाटी उतरली, खिडकी बदलली, खातं बदललं, हाजेरचं नाव मात्र राहिलं.

ईदच्या सकाळी वेहबी घरी आला. आईच्या हाताचं चुंबन घेऊन तो हात त्याने कपाळाला लावला आणि लगेच तक्रार सुरू केली.

"नाक कापलं आमचं! कोणी चष्मेवाला बे येऊन तोफेपाशी उभा राहिला. दर वेळी दोनदा पुसा, ओला बोळा आत घाला, थांबा, पुन्हा बघा. पलीकडच्यांनी हरवलं. माझा सासरा हसत असेल."

"हसू दे."

"आणि थैल्या कमी पडल्या म्हणे. कोणी तरी बिघडवल्या. कोण गाढव..."

"मी," हाजेर म्हणाली. बकलाव्याचं ताट तिच्या हातातच होतं. तिने सगळं सांगितलं. रीळ, शेगडी, कोठार. सासूने मध्ये दोनदा "खाऊ दे त्याला आधी" म्हटलं, पण ती थांबली नाही. सुयांचंही सांगितलं.

वेहबी बायकोवर ओरडेल असं आम्हाला वाटलं होतं. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"आई, तुला दिसत नाही?"

"दिसतं की. तू दिसतोस."

"माझ्या अंगावर काय आहे?"

"ईद आहे. नवंच घातलं असशील."

वेहबीने तिचा हात धरून आपल्या बाहीवर ठेवला. बाही काजळीने खरखरीत झाली होती.

"कालचाच गणवेश आहे," तो म्हणाला. "घरी यायची घाई होती."

शायेस्तेची बोटं बाहीवरून मनगटापर्यंत गेली, तिथे थांबली, मग छातीवरच्या पट्टीवरून खाली उतरली. "काढ तो," ती म्हणाली. "हाजेर धुवून टाकेल. आणि इथलं बटण तुटलंय. तेही तीच लावेल."